मंगळवारचा तो टॉर्नेडो होता का? झाडांनाच विचारूया

कोलशेतचा_कावळा (धागाकर्ता) · बुधवार, सकाळी ७:५०

काल संध्याकाळपासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन व्हिडिओ फिरताहेत आणि तिन्हींवर एकच मथळा: "ठाण्यात टॉर्नेडो!!!" रात्री अकराला सेक्रेटरींनी त्याखाली "सर्वांनी काळजी घ्यावी" असंही लिहिलं. साडेचारला येऊन गेलेल्या टॉर्नेडोपासून रात्री अकराला काय काळजी घ्यायची, देव जाणे.

मी पाहिलं ते सांगतो. सव्वाचारला गच्चीवर होतो, पापड काढायला. (बायको माहेरी, पापड माझ्या गळ्यात.) दिवसभर नेहमीचा पश्चिमेचा वारा, अंगाला चिकटणारा. चारनंतर तो एकदम पडला. पान हलेना. पूर्वेला खाडीपलीकडे काळंनिळं झालं होतं आणि त्याच्याखाली एक लांबच लांब आडवी वळकटी, गादी गुंडाळून ठेवावी तशी, खालची कड फाटकी. पाचेक मिनिटांत ती डोक्यावर. पहिल्यांदा आली ती गार हवा, फ्रिजचं दार उघडल्यासारखी. मग धूळ. मग समोरच्या गच्चीवरच्या शेडचा एक पत्रा सुटला, क्षणभर हवेत उभा राहिला, दोन कोलांट्या मारल्या आणि खाली विजेच्या खांबाला असा लपेटला की पोळीत भाजी गुंडाळावी.

पाऊस त्यानंतर. टपोरे थेंब, दहा मिनिटं, संपलं. आमच्या रस्त्यावर सहा झाडं आडवी. पापडांपैकी एकवीस सापडले.

मेव्हणा म्हणतो, पत्रा गोल गुंडाळला गेला म्हणजे वारा गोल फिरत होता, सबब टॉर्नेडो. मला पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गप्पिष्ट · बुधवार, सकाळी ८:०५

मथळा वाचून आलो, पापडांसाठी थांबलो. एकूण किती होते?

कोलशेतचा_कावळा · बुधवार, सकाळी ८:०९

दीडशे. विषयाला धरून बोला.

शंकासूर · बुधवार, सकाळी ८:४०

मी मानपाड्याला राहतो आणि माझं मत: टॉर्नेडोच. कारणं तीन.

आवाज. मालगाडी पुलावरून जावी तसा, सलग. टॉर्नेडोचं वर्णन सगळीकडे असंच असतं.

दुसरं, आमच्याकडे चार झाडं एका दिशेला पडली आणि एक मोठा रेन ट्री बरोबर उलटा. सरळ वाऱ्यात असं होणार नाही.

तिसरं, शेजारच्या साइटवरची टॉवर क्रेन अख्खी फिरली. डोळ्यांनी पाहिलंय, बायकोही साक्षीला आहे. क्रेन गोल फिरवणारा वारा गोल नसेल तर काय चौकोनी?

ढगवेडा · बुधवार, सकाळी १०:१५

चौकोनी वारा आवडला. तुमचे तिन्ही मुद्दे चांगले आहेत, पण आधी शब्दांचा गुंता सोडवू. मराठीत आपण सायक्लोनला चक्रीवादळ म्हणतो आणि बातमीदार घाईत टॉर्नेडोलाही तेच नाव देऊन मोकळे होतात. निसर्ग हे चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं. तो कित्येक जिल्ह्यांना एकदम कवेत घेणारा, दिवसच्या दिवस जगणारा प्राणी. टॉर्नेडोची रुंदी बहुतेक वेळा दहावीस मीटरपासून काहीशे मीटरपर्यंत, आणि आयुष्य बहुधा काही मिनिटांचं. घूर्णवाती वादळ असा एक पुस्तकी शब्द आहे, पण तो ग्रुपवर टाकलात तर सेक्रेटरी आणखी घाबरतील.

टॉर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत पोचलेला, जोरात फिरणारा हवेचा खांब. दोन्ही टोकं जोडलेली हवीत. वर ढगाशी नातंच नाही आणि नुसती धूळ फिरतेय, तर ती आपली वावटळ. एप्रिलच्या दुपारी, लख्ख उन्हात, शाळेच्या मैदानावरून कागद आणि पिशव्या गरगरवत नेणारी. ती तापलेल्या जमिनीतून उठते, तिला ढग लागतच नाही. उलट, ढगाला सोंड लोंबतेय पण खाली काही नाही, तर ते फक्त नरसाळं. इथे एक गोम आहे. सोंड दिसते ती बाष्पाची, वारा काही दिसत नसतो. त्यामुळे सोंड अर्ध्यातच संपल्यासारखी वाटली तरी तिच्या बरोबर खाली जमिनीवर धूळ-कचरा फिरत असेल, तर ती टेकलेलीच आहे असं धरायचं.

आता व्हिडिओ. तिन्ही मलाही आलेत.

तिसऱ्याचा निकाल आधी लावतो. त्यात खराखुरा टॉर्नेडो आहे, फक्त गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालल्यात. घोडबंदर रोडवर उलट्या दिशेने येणारे पुष्कळ असतात हे मान्य, पण सगळेच नसतात.

पहिला ऐरोली पुलावरून काढलेला. कावळेसाहेबांनी गच्चीवरून पाहिलेली वळकटी ती हीच. तिला शेल्फ क्लाउड म्हणतात, आपण ढगाची फळी म्हणू. वादळातून खाली आलेली गार, जड हवा जमिनीलगत पुढे घुसते आणि समोरची दमट गरम हवा वर उचलते, त्या कडेवर हा ढग तयार होतो. दिसतो महाभयंकर, कारण तो जमिनीच्या अगदी जवळ असतो आणि त्याखालच्या फाटक्या चिंध्या वरखाली होताना फिरल्यासारख्या वाटतात. पण तो पावसाच्या पुढे चालतो आणि आडवा पसरलेला असतो. टॉर्नेडोआधी कधीकधी दिसणारी ढगाची भिंत, वॉल क्लाउड, वेगळी. ती ढगाच्या पाऊस नसलेल्या भागाखाली लोंबते, आटोपशीर असते, आणि मुख्य म्हणजे सबंध स्वतःभोवती फिरते. फरक ओळखायला एक मिनिट लागतं: ढगाचा एक तुकडा धरायचा आणि नुसतं बघत राहायचं. तो पुढे येतोय, वर चढतोय की एकाच मध्याभोवती वळतोय? लोक मिनिटभर बघत नाहीत. मोबाइल काढतात, हात हलतो, आणि हलणाऱ्या हातात सगळंच फिरतं.

दुसरा व्हिडिओ घणसोलीच्या मैदानातला, आणि तो मात्र गमतीचा आहे. धुळीचा भोवरा खरंच फिरतोय, माणसाच्या पाचसहा पट उंच, आणि वर काळा ढगही आहे. पण भोवरा ढगाशी जोडलेला नाही. धुळीच्या पडद्याच्या पुढच्या कडेवर उठला आणि दहाबारा सेकंदांत विरला. याला गस्टनॅडो म्हणतात. नदीचं पाणी पुलाच्या खांबाला घासून जाताना कडेला भोवरे सुटतात ना, तसा वाऱ्याच्या धारेच्या कडेवरचा भोवरा. खुर्च्या उडवतो, डोळ्यांत माती घालतो, पण टॉर्नेडोत मोजत नाहीत.

आता मंगळवारी मुळात काय झालं? गच्ची धुताना बादली उभी ओतून बघा. पाणी खाली आदळतं आणि चहूबाजूंना पळतं. ढगात तेच होतं. पाऊस खालच्या कोरड्या हवेतून पडताना त्यातला बराच वाफ होतो, वाफ होताना हवेतली उष्णता घेतो, हवा गार आणि जड होते आणि धबाबा खाली कोसळते. वरून पडणारा पाऊस आणि गारा तिला आणखी खाली ओढतात. जमिनीला आदळली की पसरते. हा डाउनबर्स्ट. पसरलेल्या वाऱ्याचा घेर चार किलोमीटरच्या आत असेल तर मायक्रोबर्स्ट, त्याहून मोठा तर मॅक्रोबर्स्ट. आधी गार झोत, मग धूळ, मग पाऊस हा कावळेसाहेबांनी सांगितलेला क्रम तिथूनच येतो.

हा अंदाज झाला. पुरावा हवा असेल तर एक काम करा. तुमच्याकडची पडलेली झाडं बघा आणि शेंडा कुठल्या दिशेला आहे ते इथे लिहा. फोनमधलं होकायंत्र चालेल. टॉर्नेडोत हवा आत खेचली जात फिरते, म्हणून एका अरुंद पट्ट्यात झाडं एकमेकांवर, तिरकी, आतल्या बाजूला पडलेली सापडतात. डाउनबर्स्टमध्ये पंख्यासारखी बाहेर.

शंकासूर · बुधवार, सकाळी १०:३२

म्हणजे माझ्या उलट्या झाडाला उत्तर नाही. नोंद घ्यावी.

धावपट्टी · बुधवार, दुपारी १२:२०

नोकरीची बरीच वर्षं विमानतळावर गेली, म्हणून राहवत नाही. ढगवेडा यांनी सांगितलेली झाडांची युक्ती टेड फुजिता यांची. शिकागो विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ, मूळचे जपानी. टॉर्नेडोची ताकद सांगणारी एफ मोजपट्टी त्यांच्याच नावाची, १९७१ ची. ऑगस्ट १९४५ मध्ये हा माणूस कोकुराजवळ राहत होता. दुसरा अणुबॉम्ब कोकुरावरच पडायचा होता, त्या दिवशी तिथे खालचं दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. नंतर फुजिता नागासाकी आणि हिरोशिमाची पाहणी करायला गेले. वरून झालेल्या स्फोटाने खालच्या वस्तू मध्यापासून बाहेरच्या दिशेला कशा लोळवल्या ते त्यांनी तिथे पाहिलं.

एप्रिल १९७४ मध्ये अमेरिकेत दोन दिवसांत जवळजवळ दीडशे टॉर्नेडो झाले. फुजिता विमानातून नुकसान बघत होते, तर एका जंगलात झाडं फिरून पडलेली नाहीत, चांदणीसारखी बाहेर पडलीत. नागासाकी आठवलं. पुढच्याच वर्षी, २४ जून १९७५ ला, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं ६६ क्रमांकाचं विमान पडलं आणि ११३ माणसं गेली. वादळातून खाली कोसळणाऱ्या हवेने ते दाबलं असं फुजितांनी मांडलं. त्या वेळी बऱ्याच हवामानवाल्यांना ते पटलं नव्हतं. आज वैमानिकाला पहिल्या धड्यात शिकवतात: आधी समोरून वारा येऊन विमान उचलल्यासारखं होतं, वैमानिक जोर कमी करतो, आणि मध्य ओलांडला की तोच वारा पाठीमागून येतो. विमान खाली बसतं.

आणि "नुसताच वारा" म्हणून हिणवू नका. १ ऑगस्ट १९८३ ला वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज तळावर मायक्रोबर्स्टचा वारा ताशी २४० किलोमीटरच्या आसपास मोजला गेला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं विमान काही मिनिटं आधीच तिथे उतरलं होतं.

गप्पिष्ट · बुधवार, दुपारी १२:४१

धाग्याचं सोनं झालं. पापडांचा जीव सार्थकी लागला.

खाडीपलीकडची · बुधवार, दुपारी १:१०

ऐरोली, सेक्टर आठच्या आसपास. जेवणाच्या सुट्टीत छत्री घेऊन झाडं मोजत फिरले, लोक बघत होते. दोन गुलमोहर, एक सोनमोहर, बसस्टॉपजवळचा एक रेन ट्री. चारही शेंडे नैर्ऋत्येला, म्हणजे खाडी ओलांडून भांडुपच्या बाजूला.

एक सांगू? मला टॉर्नेडो होता की नव्हता याने फारसा फरक पडत नाही. १३ मे २०२४ ची दुपार आठवतेय. मी तेव्हा विक्रोळीला ऑफिसात होते, काचेबाहेर सगळं पिवळं झालं होतं आणि आम्ही मुली खिडकीशी उभ्या राहून फोटो काढत होतो. त्याच वेळी घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर पडत होतं. १७ माणसं गेली. तेव्हाही टॉर्नेडो नव्हता, धुळीचं वादळच होतं.

ढगवेडा · बुधवार, दुपारी १:३०

ताई, फरक पडतो, पण तुम्ही म्हणता त्या अर्थाने नाही. लोकांच्या डोक्यात "टॉर्नेडो नाही म्हणजे काही नाही" असं बसलंय. टॉर्नेडोच्या सुधारित मोजपट्टीची सगळ्यात खालची पायरी ताशी १०५ किलोमीटरला सुरू होते. ५ ऑगस्ट २०२० ला कुलाब्याला १०७ चा झोत नोंदला गेला. जेएनपीटी बंदरातल्या अवजड क्रेन पडल्या, नेरुळच्या स्टेडियमच्या छताचं आवरण फाटलं. आणि तो ना टॉर्नेडो, ना वळवाचा झोत. भर पावसाळ्यातला जोरदार मोसमी वारा. म्हणून नुसत्या वेगावरून किंवा नुकसानीवरून प्रकार ठरत नाही, दिशेवरून ठरतो.

आवाजाचंही तेच, शंकासूर. मालगाडीसारखा आवाज जोराच्या कुठल्याही वाऱ्याचा येतो. त्यातून वारा किती ते कळतं, कसा ते नाही.

पत्र्याचंही तेच. ओल्या टॉवेलने खांबाला फटका मारा, टॉवेल गुंडाळतो. तुमचा हात कुठे गोल फिरला?

कोलशेतचा_कावळा · बुधवार, दुपारी २:०५

मेव्हण्याला टॉवेलचं वाक्य पाठवलं. निळी खूण आली, उत्तर नाही.

माझ्याकडची सहा झाडं: सगळ्यांचे शेंडे वायव्येला, कासारवडवली-गायमुखच्या दिशेने. होकायंत्राने पाहिलं. एक-दोन अंश इकडेतिकडे, पण सहाही एका वळणाची.

रेतीबंदरकर · बुधवार, संध्याकाळी ६:५५

डोंबिवली पश्चिम. आमच्याकडे जोर कमी होता. एकच शेवगा पडला, तो बहुधा कशानेही पडला असता, आणि एका टपरीचं छप्पर गेलं. दोन्ही पूर्वेला, स्टेशनच्या बाजूला. माझा भाऊ दिव्याला राहतो, तो म्हणतो वारा "वरून आला". मी विचारलं वरून म्हणजे कुठून, तर म्हणे वरून म्हणजे वरून, डोक्यावरून. पाऊसही तिथेच सगळ्यात जास्त, आणि हरभऱ्याएवढ्या गारा.

ढगवेडा · बुधवार, रात्री ८:२०

रेतीबंदरकर, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

नकाशा उघडा आणि माझ्याबरोबर रेघा मारा. कोलशेतला शेंडे वायव्येला, म्हणजे वारा आग्नेयेकडून. ऐरोलीला शेंडे नैर्ऋत्येला, वारा ईशान्येकडून. डोंबिवलीला शेंडे पूर्वेला, वारा पश्चिमेकडून. या तिन्ही रेघा उलट्या मागे नेल्या तर दिवा-मुंब्र्याच्या आसपास भेटतात. बादली तिथे ओतली गेली. कोलशेत ते ऐरोली सरळ रेषेत नऊदहा किलोमीटर आहे, म्हणजे हा मॅक्रोबर्स्टच्या मापाचा. टॉर्नेडो असता तर इतक्या लांबच्या तीन गावांत झाडं अशी शिस्तीत बाहेर तोंड करून पडली नसती. एका अरुंद पट्ट्यात धुमाकूळ आणि दोन गल्ल्या सोडून कपडेही वाळत राहिलेले, असं दिसलं असतं.

शंकासूर · बुधवार, रात्री ८:४४

सगळं छान. पण माझा रेन ट्री आग्नेयेला तोंड करून पडलाय. तुमच्या हिशेबाने वारा आग्नेयेकडून येत होता, म्हणजे झाड वाऱ्याच्या तोंडात पडलं. हे झाड काय निषेध म्हणून पडलं?

सिव्हिल_काका · बुधवार, रात्री ९:१०

क्रेनचं उत्तर माझ्याकडे आहे, झाडाचं नाही.

शंकासूर, टॉवर क्रेन वाऱ्याने फिरावी अशीच ठेवलेली असते. वारा मर्यादेबाहेर गेला की काम थांबवायचं, माल खाली उतरवायचा आणि फिरण्याचा ब्रेक सोडून द्यायचा. मग तिचा लांब हात मंदिरावरच्या पताकेसारखा वारा जाईल तिकडे तोंड करतो. ब्रेक लावून अडवून धरली तर वारा त्या हाताला आडवा बसतो आणि क्रेनच उलथण्याची भीती. आता बघा, चारपर्यंत समुद्रावरचा पश्चिमेचा वारा होता, म्हणजे हात पूर्वेला, भिवंडीकडे. मग वारा पडला. मग आग्नेयेचा झोत आला, हात वायव्येला. अर्ध्या वर्तुळाला थोडा कमी एवढा फेरा झाला. तुम्ही आणि वहिनींनी पाहिलं ते खरंच आहे. क्रेन एकदा वळून थांबली की फिरतच राहिली?

शंकासूर · बुधवार, रात्री ९:२२

(बायकोला विचारून.) थांबली. घोडबंदरकडे तोंड करून.

काका, एक गुण तुमचा. झाड अजून माझं.

दिवाळे_दर्या · बुधवार, रात्री १०:३०

बेलापूरचा दिवाळे कोळीवाडा. मी झाडांतलं काही सांगणार नाही, पाण्यातलं सांगतो. आमच्या आजोबांनी बाहेर दर्यात दोनदा सोंड उतरलेली पाहिली होती. वर काळा ढग, बूड सपाट, वारा जवळजवळ नाहीच. आधी पाण्यावर एक गोल काळसर डाग दिसतो, मग त्याच्याभोवती तुषार उडायला लागतात, आणि सोंड पूर्ण दिसते ती सगळ्यात शेवटी. त्यांचा नियम असा: सोंड कुठल्या बाजूला सरकतेय ते काठीवर धरून बघायचं आणि होडी तिच्या वाटेला काटकोनात काढायची. सरळ पळायचं नाही, ती मागून येते. आणि काठीच्या रेषेवरून हललीच नाही, नुसती मोठी होत गेली, तर ती तुमच्याकडेच येतेय.

ते तिला कधी वादळ म्हणाले नाहीत. वादळ म्हणजे वेगळं, त्याला लोक मरतात.

ढगवेडा · बुधवार, रात्री १०:५८

दिवाळेकर, काठीचा नियम जमिनीवरही चालतो. समोरच्या विजेच्या खांबाशी सोंडेची रेष धरून बघायचं, हलत नसेल तर अंगावर येतेय. आजोबांनी पाहिलेल्या सोंडा बहुधा शांत हवेतल्या, वाढत्या ढगाखालच्या. त्या जमिनीला लागल्या की बहुधा मोडतात. भयंकर वादळाखालची सोंड पाण्यावर असली तरी तो टॉर्नेडोच.

गप्पिष्ट · गुरुवार, सकाळी ७:३०

एक बाळबोध प्रश्न. मग आपल्याकडे टॉर्नेडो होतच नाहीत असं समजायचं का? म्हणजे सेक्रेटरींना तसं कळवतो.

ढगवेडा · गुरुवार, सकाळी ९:००

नका कळवू. भारतात होतात. १७ मार्च १९७८ ला दिल्लीत विद्यापीठाच्या परिसरातून गेलेल्या टॉर्नेडोत २८ जण गेले. मार्च २००९ मध्ये ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यात, मार्च २०२३ मध्ये पंजाबात फाजिल्का जिल्ह्यात, ३१ मार्च २०२४ ला बंगालच्या जलपायगुडीत. शेजारी बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ ला दौलतपूर-सतुरिया भागात झालेला जगातला सगळ्यात प्राणघातक समजला जातो, सुमारे १,३०० मृत्यू. महिने बघा, सगळे मार्च-एप्रिलचे. खाली समुद्रावरून आलेली दमट हवा, वर पश्चिमेकडून वेगाने वाहणारी कोरडी हवा. उंचीबरोबर वाऱ्याची दिशा आणि वेग असा बदलत गेला की वर चढणारी हवा पिळली जाते, आणि सबंध ढगच फिरायला लागतो. आपल्या किनारपट्टीवर हा पीळ क्वचित जमून येतो. उन्हाळ्याच्या शेवटी घाटावर ढग उभे राहतात, इकडे सरकतात, आणि बादली ओततात.

रडारवर फरक स्पष्ट दिसू शकतो. मुंबईला कुलाबा आणि वेरावली इथे डॉप्लर रडार आहेत. डॉप्लर पाऊस दाखवतंच, शिवाय थेंब रडारकडे येताहेत की लांब जाताहेत तेही दाखवतं. ढग फिरत असेल तर येणारा आणि जाणारा रंग शेजारी शेजारी, चिकटून, रडारपासून सारख्या अंतरावर दिसतात. कोसळून पसरणारी हवा असेल तर अलीकडे येणारा रंग आणि त्याच्या मागे जाणारा. पण रडारची शलाका लांब जाताना जमिनीपासून वर उठत जाते, ठाण्यापर्यंत काहीशे मीटर वर गेलेली असते, तेव्हा खाली गल्लीत काय चाललंय ते तिला दिसेलच असं नाही. म्हणून तर झाडं.

शंकासूर · गुरुवार, संध्याकाळी ७:१५

मंडळी, मी हरलो. सविस्तर लिहितो कारण लाज वाटली तरी गंमत आहे.

आज ऑफिसातून येताना झाडाजवळ थांबलो. अजून तिथेच आहे, फांद्या छाटून नेल्यात, बुंधा पडलाय. ढगवेडा म्हणाले होते मुळापासून बघा (म्हणाले नव्हते बहुतेक, पण म्हणायला हवं होतं). तर फुटपाथला झाड उपटल्याचा खड्डा आहे, पेव्हर ब्लॉक उचकटलेले, एक निळा पाइप उघडा पडलेला. आणि मुळांचा गड्डा? खड्ड्यापासून चांगला सहा-सात पावलं लांब, दुसऱ्याच टोकाला. म्हणजे झाड स्वतः तिथे पडलेलंच नाही.

वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, झाड रस्त्यावर आडवं होतं ना, अँब्युलन्स अडकली होती. रात्री जेसीबी आला, बुंध्याला साखळी घातली आणि फिरवून बाजूला लावलं." रस्त्याच्या डांबरावर घासल्याचा अर्धगोल ओरखडा आहे, तो मी दोन दिवस ओलांडून जात होतो. आधी शेंडा कुठे होता म्हणून विचारलं, तर त्याने हात केला तो सरळ कासारवडवलीकडे.

म्हणजे झाड गोल फिरलं हे माझं म्हणणं खरं होतं. फक्त ते जेसीबीने फिरवलं.

गप्पिष्ट · गुरुवार, संध्याकाळी ७:१९

जेसीबीनॅडो.

सिव्हिल_काका · गुरुवार, संध्याकाळी ७:४०

हाहा. पण शंकासूर, तुम्ही खड्डा बघायला गेलात हे महत्त्वाचं. त्या खड्ड्यात आणखी एक गोष्ट बघा. मुळांची टोकं फाटलीत की सरळ कापलीत? आमच्या रस्त्यावर गेल्या वर्षी केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तासून काढली होती. अशी झाडं साध्या वाऱ्यालाही टिकत नाहीत, आणि मग लोक वाऱ्याचा वेग वाढवून सांगतात.

शंकासूर · गुरुवार, संध्याकाळी ८:०२

आत्ता जाऊन आलो, टॉर्च घेऊन. रस्त्याच्या बाजूची तीन जाड मुळं करवतीने कापल्यासारखी सपाट. कापलेली टोकं काळी पडलेली, म्हणजे जुनी.

खाडीपलीकडची · गुरुवार, रात्री ९:१५

हे वाचून उद्या आमच्या बसस्टॉपजवळची बाकीची झाडं बघणार आहे.

आता कामाचं सांगा कुणीतरी. फळी दिसली की करायचं काय?

ढगवेडा · गुरुवार, रात्री ९:५०

ताई, वेळ पाच-दहा मिनिटंच असते, म्हणून थोडंच. गच्चीवरून खाली. कपडे, कुंड्या, आणि कावळेसाहेबांसाठी पापड, ढग लांब असतानाच आत. स्लायडिंग लावून काचेपासून लांब, आतल्या खोलीत. रस्त्यात असाल तर होर्डिंग, परांची, पत्र्याची शेड आणि झाड सोडून एखाद्या पक्क्या इमारतीत शिरा. दुचाकीवाले घोडबंदरला पुलाखाली भर रस्त्यात गाड्या लावून थांबतात, ते नको. मागून ट्रक येतो त्याला धुळीत काही दिसत नसतं. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोचेल एवढ्या अंतरावर आहात, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच. विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप ठेवा. हवामान खात्याचा तीन तासांपुरता इशारा येतो तो वाचा, त्यात वाऱ्याचा वेग दिलेला असतो. आणि कधी खरंच फिरणारा खांब दिसलाच, तर सगळ्यात खालचा मजला, मधली खिडकी नसलेली खोली, डोक्यावर गादी.

कोलशेतचा_कावळा (धागाकर्ता) · शनिवार, दुपारी ४:१०

पुन्हा गच्चीवर. मुंब्र्याच्या डोंगरामागे काळं झालंय. पश्चिमेचा वारा पडला. फळी दिसतेय.

शंकासूर · शनिवार, दुपारी ४:१२

फिरतेय का?

कोलशेतचा_कावळा · शनिवार, दुपारी ४:१४

मिनिटभर बघितलं. नाही. पुढे येतेय, सबंध.

खाडीपलीकडची · शनिवार, दुपारी ४:१५

ऐरोलीत आला वारा. ईशान्येकडून. कावळेसाहेब, खाली उतरा.

कोलशेतचा_कावळा · शनिवार, दुपारी ४:१७

उतरतोय. समोरची क्रेन आत्ता हलायला लागली. हात भिवंडीवरून सुटला. कासारवडवलीकडे चाललाय.

गप्पिष्ट · शनिवार, दुपारी ४:१८

पापड?

कोलशेतचा_कावळा · शनिवार, दुपारी ५:०५

बायको परत आलीये. आज कुरडया होत्या. सगळ्या आत.